धुराड्यावरचा डबा

परवा अभिजितचा, माझ्या थोरल्याचा, साताऱ्याहून फोन आला. त्याच्या जुन्या जीपचं इंजिन ठोकायला लागलंय. बेअरिंगं गेलीत म्हणे. पोरगा दिवसभर मोबाइलवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघतोय आणि त्याचं म्हणणं असं, की हे काम घरी, अंगणात, आपलं आपल्याला करता येतं. सूनबाईचं म्हणणं असं, की इंजिन उतरवून सरळ सांगलीला मशीन शॉपमध्ये टाकावं, क्रँक घासून आणावा आणि कटकट मिटवावी. दोघांचं जमेना म्हणून निवाड्याला मी. 'आई, तू गिरणीत वाढलीस, तूच सांग.' मी म्हटलं, बाबा, घरी बसव नाहीतर सांगलीला ने, पण इंजिन सुरू झाल्यावर मला फोनवर आवाज ऐकवू नकोस आणि कसा वाटतोय असं तर मुळीच विचारू नकोस. तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. फोन ठेवला आणि माझं डोकं जे मागं गेलं ते गेलंच. चुलीवरची, म्हणजे आता गॅसवरची, वांगी करपली तेव्हा मी भानावर आले.

आमची गिरणी उंब्रजपासून आत, रस्त्याच्या कडेला होती आणि घर तिच्या पाठीला चिकटलेलं. गिरणी पुढं आणि आम्ही मागं. माझ्या पापण्या बारा महिने पांढऱ्या असायच्या, शाळेत पोरी मला 'पिठे' म्हणायच्या. घरात दोन वास कायम. एक डिझेलचा आणि एक गरम पिठाचा. जात्यातून नुकतं पडलेलं ज्वारीचं पीठ हाताला चटका देतं, हे आता पिशवीतलं पीठ आणणाऱ्यांना सांगून पटायचं नाही. आई दळण पडत असताना चिमूट धरून अंगठ्यानं चोळून बघायची आणि दगड किंचित वर-खाली करायची. भाकरीला वेगळं, घावनाला वेगळं, लापशीला भरड. रात्रीला आमच्याकडं बहुतेक हुलग्याचं माडगं आणि खरडा, कारण दिवसभर गिरणीपुढं बसलेल्या बाईला आणखी काय सुचणार? आणि त्या माडग्याची चव मला पुढं कुठंच मिळाली नाही, सांगलीच्या मोठ्या हॉटेलात मागवून पाहिलं तेव्हा तर मिळालीच नाही.

गिरणी डिझेल इंजिनावर चालायची. उभं, एका सिलिंडरचं, दोन बाजूंना दोन थोरली चाकं. त्याचं धुराडं छपरातून वर गेलेलं आणि त्याच्या तोंडावर पत्र्याचा एक डबा पालथा अडकवलेला. धूर डब्यावर आपटला की पुक्-पुक्-पुक् असा आवाज निघायचा आणि तो पार ओढ्यापलीकडच्या मळ्यापर्यंत जायचा. तो ऐकून बायका दळण डोक्यावर घेऊन निघायच्या. आता आईची एक रीत होती, ती सांगायलाच पाहिजे. सकाळी इंजिन सुरू करायचं ते डब्याशिवाय. मग दाराशी उभं राहून, डोळे मिटून, नुसतं ऐकायचं. आवाज नीट वाटला तरच आकडीच्या काठीनं डबा वर चढवायचा. 'एकदा डबा चढला की आतलं काय ऐकू येत न्हाई,' म्हणायची. गावात म्हणायचे, हिला इंजिनातला उंदीरसुद्धा ऐकू येतो. मीही तिच्या शेजारी उभी राहून ऐकायची, आणि लहानपणापासून ऐकून ऐकून मलाही थोडं कळायला लागलं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, लष्करात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते. आमच्यासाठी ते वर्षातून एकदा येणारे पाहुणेच. दारात काळी ट्रंक, त्यात बिस्किटं, दुधाची पावडर, आईला एक साडी. रजा संपली की ट्रंक पुन्हा निघायची आणि मी मसूरच्या स्टेशनावर गाडीच्या मागं रडायची. मी बारावीत असताना ते कायमचे पेन्शनीत घरी आले. मला वाटलं, झालं, आता अण्णा आपले. पण महिना गेला तरी त्यांनी ट्रंक उघडून सामान मांडणीवर लावलं नाही. सकाळी उठून दाढी करून, बूट घालून बसायचे, आणि कुठं जायचं हे त्यांना कळायचं नाही. गिरणी आईची. शेत वाट्यानं दिलेलं. गाईचं सुद्धा मी बघायची. बरोबरचे पेन्शनर पुण्याला कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागत होते आणि त्यांचे निरोप येत होते. एकदा जेवताना अण्णा म्हणाले, हितं रिकामं बसून भाकरी मोडण्यापेक्षा पुन्याला जातो.   ही ट्रंक पुन्हा दाराबाहेर जाणार, एवढंच मला दिसत होतं.

आणि नेमकं तेव्हाच इंजिन ठोकायला लागलं. एका सकाळी आई डोळे मिटून उभी होती ती डोळे उघडेच ना. मलाही ऐकू आलं. आत खोल कुठंतरी, लाकडावर मुठीनं मारावं तसं ठक्... ठक्. आईनं इंजिन बंद केलं आणि म्हणाली, खालचं बेअरिंग गेलं, दत्तूला सांगावा धाडते. दत्तू म्हणजे माझा सांगलीचा मामा. त्याचं लेथ आणि क्रँक घासण्याचं छोटं शॉप होतं. हे इंजिनही त्यानंच पारखून आणलेलं, आणि अण्णा सीमेवर असताना ते कधी रुसलं की मामाच पिशवी घेऊन यायचा. अण्णांनी हे ऐकलं आणि बसल्या जागेवरून उठले. म्हणाले, माझ्या घरातलं इंजिन आणि त्याचा डाक्टर तुझा भाऊ? ज्या माणसानं बर्फात रणगाड्यांची इंजिनं खोलली, त्यानं एका बेअरिंगासाठी मेव्हण्याच्या दारात उभं राहायचं? आईनं समजावून पाहिलं. बेअरिंग एकटं जात नाही, ज्याच्यावर ते फिरतं तो क्रँकही झिजलेला असतो, तो मशीनवर चढवूनच बघावा लागतो, दत्तू असं म्हणतो. 'दत्तू म्हणतो' हे शब्द तिनं नको होते म्हणायला. अण्णांनी त्याच दिवशी कराडहून नवीन बेअरिंगची जोडी आणली.

माझी अवस्था इकडं आड तिकडं विहीर अशी झाली. मनातून मला पक्कं वाटत होतं की आईचंच बरोबर आहे. आणि मनातूनच मी देवाला सांगत होते की अण्णांचं बरोबर निघू दे. ते जिंकले तर गिरणीत त्यांना जागा मिळेल, ट्रंक उघडेल. आता एकाच मनात ही दोन्ही कशी राहत होती, ते मला तेव्हा समजलं नाही आणि आज साठी उलटल्यावरही नीटसं सांगता येत नाही.

पण काम करताना अण्णा काय दिसायचे! घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांचे खांदे सरळ झाले होते. इंजिनाच्या पोटाला एक झाकण असतं, ते काढलं की आत हात घालून खालचं बेअरिंग बदलता येतं, क्रँक बाहेर काढायची गरज नाही. हेच त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी आईची धुण्याची नीळ मागून घेतली, तेलात कालवली, क्रँकला चोपडली, बेअरिंग वर बसवून फिरवलं आणि पुन्हा काढलं. जिथं निळा डाग तिथं ते जास्त टेकतंय. मग तो भाग धारदार पात्यानं केसभर खरवडायचा, पुन्हा नीळ, पुन्हा फिरवणं. मला शेजारी बसवून सगळं दाखवत होते, आणि मध्येच हिंदीत 'देखो बेटा' म्हणत होते, मग ओशाळून 'बघ नंदे' म्हणायचे. माझ्याशी इतकं ते जन्मात बोलले नव्हते. आई दारातून बघून जायची. तिनं दोनदा चहा आणून ठेवला, त्यांच्या लष्करातल्या पांढऱ्या मगात, आणि निळीचा डबा रिकामा झाला तरी अवाक्षर काढलं नाही. माझ्या शाळेच्या ब्लाउजला त्या आठवड्यात नीळ नव्हती.

इंजिन सुरू करायची वेळ आली तेव्हा शेजारची सोनाकाकी आणि आणखी चार-दोन बायका दळणं घेऊन ताटकळत होत्या, कारण स्टँडजवळ विजेवरची नवी गिरणी निघाली होती आणि तिथं जायचं की थांबायचं हे त्यांचं ठरत नव्हतं. अण्णांनी हँडल मारलं. चाकं फिरली, इंजिन पेटलं. मी आईकडं बघितलं. ती डोळे मिटून उभी. आणि मला ऐकू आलं. पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी, पण होतं. ठक्... ठक्. अण्णांनी पुसणीला हात पुसत विचारलं, कसा वाटतोय? सगळ्या बायका आईच्या तोंडाकडं बघत होत्या. आईनं डोळे उघडले, म्हणाली, 'बेस हाय', आणि आकडीची काठी घेऊन तिनं चटदिशी डबा चढवला. पुक्-पुक्-पुक् सुरू झालं आणि ठोका त्याच्याखाली बुडाला.

मी तर चक्रावलेच. माझी आई खोटं बोलत नाही. दळणात एक मूठ माती निघाली तर ती दळणवालीला तोंडावर सांगायची, मग ती पाटलीण असो की आणखी कुणी. तिला ऐकू आलं नाही असं होणं शक्य नव्हतं. मग मलाच भास झाला का? की ती गिऱ्हाइकं जाऊ नयेत म्हणून बोलली? की अण्णांची लाज राखली? विचारायची सोय नव्हती. त्या दिवसापासून तिनं रीतच बदलली. सकाळी डबा चढवूनच इंजिन सुरू करायला लागली. दाणे जात्यात सोडायची ते मुंगीच्या पावलानं, म्हणजे इंजिनावर भार पडू नये. सोनाकाकी म्हणाली, अगं आज दळण बारशाला चाललंय का, किती नटतंय? आई हसली. घरात मात्र मजा होती. अण्णांनी ट्रंकेतून पहिल्यांदा दोन शर्ट काढून खुंटीला लावले. दुपारी गिरणीत बसून दळणाचे डबे उचलून द्यायला लागले. बायका आधी लाजल्या, मग 'अण्णा, तेवढं माझं घ्या की' म्हणायला लागल्या. मी खुंटीवरचे ते दोन शर्ट येता-जाता मोजून बघायची, कारण मला माहीत होतं की हे सगळं एका डब्यावर उभं आहे. इंजिन असंच चालत राहिलं तर एक दिवस आतला दांडा तुटून इंजिनाचं पोट फुटणार, हे मामाकडं ऐकलेलं होतं. आईलाही ते माहीत असणारच.

आईची बदललेली रीत अण्णांच्या नजरेतून सुटली नव्हती. मग एका सकाळी, बायका जमल्या होत्या, डबा वाजत होता, तेवढ्यात अण्णा काठी घेऊन आले आणि त्यांनी डबा खाली उतरवला. आवाज उघडा पडला. त्यांनी आईसारखेच डोळे मिटले. किती वेळ उभे होते देव जाणे. मग इंजिन बंद केलं आणि पट्टा थांबू दिला. बायकांकडं वळून त्यांनी शांतपणे सांगितलं की आज दळण मिळणार नाही, काम माझं कच्चं राहिलंय. त्या गेल्या. मी पिठाच्या पेटीमागं होते, मला जा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

अण्णा म्हणाले, 'एवढी वर्सं तू हेच्यापुढं बसलीस. तुला ऐकू आलं न्हवतं व्हय?'

'आलं हुतं.'

'मग बेस हाय का म्हनलीस?'

आईनं पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं. 'तुमी पुन्याला जाल म्हनून,' ती म्हणाली. 'इंजिन फुटलं असतं तर दुसरं मिळालं असतं. आवं, लगीन झाल्यापास्नं मी निस्ती स्टेशनावर सोडायलाच येतीया तुमास्नी.'

मी वडिलांच्या डोळ्यांत पाणी तेव्हा एकदाच पाहिलं.  ते उठले आणि चाकांच्या पाचरी ठोकून काढायला लागले. दोन गडी बोलावून त्यांनी चाकं उतरवली, क्रँक बाहेर काढला, गोणपाटात गुंडाळला. मामाला सांगावा धाडायचं आईनं सुचवलं तर म्हणाले, नको, मीच जातो. आईनं मला बरोबर लावून दिलं. दोघं भांडले तर तू हाईस, म्हणाली. मी काय करणार होते कपाळ!

बैलगाडीनं मसूरला आणि तिथून पॅसेंजरनं सांगलीला. आयुष्यात पहिल्यांदा मी अण्णांच्या बरोबर त्या गाडीत बसले होते, मागं फलाटावर राहिले नव्हते. मला आनंद व्हायला हवा होता, पण ते मेव्हण्याकडं मान खाली घालून चालले होते, म्हणून होतही नव्हता. गोणपाटातला क्रँक आमच्या पायांशी. अण्णांनी मला शेंगा घेऊन दिल्या आणि स्वतः खिडकीबाहेर उसाकडं बघत बसले. मामाच्या शॉपमध्ये गेल्यावर त्यांनी क्रँक खाली ठेवला आणि म्हणाले, दत्तोबा, माझ्याच्यानं झालं न्हाई.  मामानं आधी अण्णांनी खरवडलेलं बेअरिंग हातात घेतलं, उजेडात फिरवून फिरवून पाहिलं, आणि कारागिरांना बोलावून दाखवलं. मग क्रँकला मायक्रोमीटर लावला. हसला. 'दाजी, तुमच्या हाताला खोट न्हाई. असं बेअरिंग माज्याकडं कोन बसवनार न्हाई. पर क्रँकच अंड्यावानी झालाय. एकीकडं टेकतंय, एकीकडं ढिलं. हितं हात काय करंल?'

म्हणजे काय झालं? आई म्हणत होती ते बरोबर, मशीनशिवाय होणार नव्हतं. अण्णांनी केलं तेही बरोबर, त्यात चूक नव्हतीच. मग चुकलं काय? गाडीत परत येताना मी हाच विचार करत होते. क्रँक घासून, चकचकीत होऊन, ग्रीसच्या कागदात आला होता. घासल्यामुळं तो बारीक झालेला, म्हणून मामानं त्या मापाचं नवीन बेअरिंग दिलं होतं. मामा म्हणत होता, मी येऊन बसवून देतो. अण्णा म्हणाले, घासायचं काम तुमचं, बसवायचं माझं. मामा म्हणाला, बरोबर हाय. मामीनं बांधून दिलेल्या पुरणपोळ्या आम्ही मिरचीच्या लोणच्याबरोबर खाल्ल्या, आणि अण्णा मला लष्करातल्या गमती सांगत होते. सासुरवाडीहून हरून चाललेला माणूस इतका मोकळा कसा, हे मला कळेना. त्यांनाच विचारायला हवं होतं, पण तेव्हा बापाला असलं काही विचारत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नीळ. आईनं दुकानातून निळीचा नवा डबा आणून ठेवलेला. पुन्हा खरवडणं, पुन्हा फिरवणं, चाकं चढवणं. इंजिन उभं राहिलं तेव्हा दारात सोनाकाकी आणि सगळा गोतावळा हजर होता, दळणापेक्षा तमाशा बघायलाच आलेला. अण्णांनी हँडल मारलं. इंजिन पेटलं. डबा चढवलेला नव्हता. आई डोळे मिटून उभी राहिली, नेहमीसारखी, नेहमीपेक्षा जास्त वेळ. अण्णांनी विचारलं, आता? आई म्हणाली, 'बेस हाय.'

आणि अण्णांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्यांना ते ऐकू आलं, पण पोचलं नाही. तेच शब्द, त्याच आवाजात, एकदा मायेपोटी खोटे बोलून झालेले. आता ते खरे आहेत हे ती सांगणार कशी आणि ते मानणार कसे? आईलाही ते कळलं. दोघंही एकमेकांकडं बघत राहिली, आणि मग एकदमच माझ्याकडं वळली.

'नंदे, तू सांग गं,' अण्णा म्हणाले. 'तुलाबी कळतंय.'

मी डोळे मिटले. देवाशपथ सांगते, मी कान लावून ऐकलं. पण मला इंजिन ऐकूच येईना. माझ्याच छातीत ठक् ठक् होत होतं. ते इंजिनातलं की माझ्यातलं, काही केल्या वेगळं काढता येईना. ठोका आहे म्हणावं तर खुंटीवरचे दोन शर्ट जाणार. नाही म्हणावं आणि असला तर? मी डोळे उघडले. आई बघत होती, अण्णा बघत होते, सोनाकाकी डोक्यावरची पाटी खाली ठेवायची विसरली होती.

मी म्हटलं, 'अण्णा, डबा चढवा आता. बायका खोळंबल्यात.'

आधी आई हसली. मग अण्णा. असे हसले की त्यांना ठसका लागला आणि सोनाकाकीनं विचारलं, काय झालं गं, आम्हालाबी सांगा की. अण्णांनी काठी घेतली आणि स्वतःच्या हातानं डबा चढवला. पुक्-पुक्-पुक् ओढ्यापलीकडं गेलं. इंजिन पुढं वर्षानुवर्षं चाललं, विजेची मोटर बसवेपर्यंत चाललं, म्हणजे आवाज नीटच असणार. असणारच. पण मी तो ऐकला असं मला आजही म्हणता येत नाही.

त्याच संध्याकाळी आईनं अण्णांची काळी ट्रंक ओढत माजघरात नेली. आतलं सामान काढून मांडणीवर लावलं, ट्रंक पुसली, आणि तिच्यात काठोकाठ बाजरी भरून ठेवली. अण्णा दारात उभे राहून बघत होते. 'आता ही उचलायची कुनी?' त्यांनी विचारलं. आईनं झाकण लावलं आणि म्हणाली, 'कुनी न्हाई.'